फेस मास्तर

वडनेर भोलजीत येऊन कुणी उद्धव मास्तरांचं घर विचारलं, तर माणसं जरा विचारात पडायची. फेस मास्तर म्हटलं की मात्र पानठेल्यावरचा रिकामटेकडाही उठून वाट दाखवायचा. नाव पोरांनी ठेवलेलं, थोरांनी उचललेलं. या भागात एकदा नाव चिकटलं की ते माणसासोबत सरणापर्यंत जातं. उद्धवला त्याचा राग नव्हता. फेस तर होताच. शाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत त्याची दोन पिंपं होती आणि त्यांच्या तोंडाशी पिवळसर फेस सारखा फुगून असायचा.

उद्धव हा किसनरावांचा मुलगा. बाप लवकर गेला. थोडी शेती, थोरली बहीण रुखमा आणि हा धाकटा, असं सगळं आई झुंबरबाईनं एकटीनं सांभाळलं. नागपूरला जाऊन बी.एस्सी. झालेला त्या आळीतला हा पहिलाच. लोकांना वाटलं, आता पोरगा साहेब होणार, गाडीतून येणार. तो एस.टी.तून आला आणि गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागला. झुंबरबाईला बरं वाटलं, कारण लेक डोळ्यांसमोर. बाकीचे म्हणाले, शिकून वाया गेला. म्हणणाऱ्यांचं काय, त्यांना पाराखाली बसून दुसरा उद्योग नव्हता.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा रुखमा आपली लहानगी छबी आईजवळ सोडून गेली. तिच्या सासरी, लोणारकडे, विहिरींचे तळ दिसायला लागले होते आणि नवराबायको दोघंही खडी फोडायच्या कामावर होते. इथं निदान रेशनवर तांबडी मिलो मिळत होती. परदेशातून आलेली ती ज्वारी जनावरंही नाक मुरडून खायची, पण पोट भरायचं. झुंबरबाई तिची पेज करायची, गुळाचा खडा घालायची आणि नातीला मांडीवर घेऊन पोट टम्म होईपर्यंत भरवायची. हळूहळू पोरीचे गाल फुगले, पाय गुबगुबीत दिसायला लागले. बायका म्हणाल्या, काय आजीच्या हाताला गुण आहे, दुष्काळातसुद्धा बाळसं धरलं पोरीनं! झुंबरबाईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

ते बाळसं नव्हतं, सूज होती. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मग केस तांबूस झाले, कातडी निघायला लागली, पोर हसेनाशी झाली. उद्धव तिला खांद्यावर टाकून नांदुऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेला, तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "मास्तर, हिचं पोट भरत होतं, पण अंगाला काही लागत नव्हतं. डाळ, दूध, अंडं, काहीतरी पाहिजे होतं. प्रथिन नाही मिळालं हिला." छबी परत आली ती कपड्यात गुंडाळून.

त्यानंतर कितीतरी वर्षं झुंबरबाई भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि विचारायची, "उद्धवा, पोट तं भरत होतं ना रे तिचं?" तो म्हणायचा, "हाव माय." याहून दुसरं काय सांगणार? ज्या हातांनी भरवलं त्या हातांना कसं सांगायचं की त्या पेजेत काहीच नव्हतं. पण त्या प्रश्नानं त्याला सुखानं बसू दिलं नाही हे खरं.

कॉलेजात असताना लक्ष्मीकांत सरांनी एकदा वर्गात यीस्ट दाखवलं होतं. पाव फुगवतं ते. डोळ्यांना न दिसणारा जीव, पण त्याला गुळाचं पाणी द्या, चिमूटभर युरिया द्या, हवा द्या, की काही तासांत दुप्पट होतो आणि पुन्हा दुप्पट. उकळून, धुवून, वाळवून त्याची पूड केली की तिच्यात जवळजवळ निम्मं नुसतं प्रथिन. गाईला दूध द्यायला वर्षं लागतात, तुरीला शेंग धरायला पाऊस लागतो. याला पिंपभर पाणी पुरतं. सरांनी हे सांगितलं तेव्हा उद्धव खिडकीबाहेर बघत होता. छबी गेल्यावर मात्र त्याला तो तास शब्दन् शब्द आठवला.

पहिली दोन वर्षं हसू झालं. खामगावच्या बेकरीतून आणलेलं यीस्ट होळीपर्यंत मजेत वाढायचं आणि चैत्रात मरायचं. नांदुरा तालुक्याचा उन्हाळा ज्यानं सोसला नाही त्याला हे कळणार नाही. तिथं माणसाचंही डोकं शिजतं, तर त्या बिचाऱ्या जिवाचं काय. मग उद्धव सातपुड्याच्या पायथ्याशी गेला आणि मोहाची फुलं घेऊन आला. उन्हात पडूनही ती आंबतात, म्हणजे त्यांच्यावरचा जीव ऊन सोसणारा असणार, असा त्याचा हिशेब. त्यानं बरण्या लावल्या, पत्र्याखाली ठेवल्या, मेच्या झळा दिल्या. बहुतेक मेल्या. जी तगली तिच्यातून पुढची लावली. शेतकरी कणसं निवडून बी ठेवतो तसाच प्रकार, फक्त याचं बी डोळ्यांना दिसत नव्हतं. दरवर्षी तगलेल्यातलं कमी कडू निवडत निवडत चार-पाच उन्हाळ्यांनी त्याच्या हाती असं एक वाण आलं की वैशाखातही फेस धरायचं आणि चवीला भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जायचं. जगात दुसरीकडे ते नव्हतं. हे तो मोठेपणानं म्हणत नव्हता, तसंच होतं ते.

त्याला गूळ लागायचा तो काळा, जनावरांना घालतात तो. आता काळा गूळ, मोहाची फुलं, पिंपं आणि आंबूस वास, हे सगळं एका खोलीत जमल्यावर गावाला दुसरं काय सुचणार? एक दिवस गुलाबराव जमादार सायकल भिंतीला टेकवून आत शिरले. पिंपात बोट बुडवलं, चाटलं, तोंड वाकडं केलं. "मास्तर, बनवता तं नीट तरी बनवा. हे काय हाये?"

"दारू नाई साहेब. यीस्ट हाये. लेकरायचं खाणं."

"मंग हा लोहाराचा भाता कायले लावला पिंपाले?"

उद्धवनं समजावून सांगितलं. या जिवाला हवा मिळाली तर तो गूळ खाऊन अंग वाढवतो आणि हवा तोडली तर दारू करतो. म्हणून दिवसभर भात्यानं हवा द्यायची. भाता थांबला की अन्नाची दारू व्हायला लागते. जमादार बराच वेळ ऐकत राहिले. मग निघताना म्हणाले, "म्हणजे तुमी दारू होऊ नये म्हून मरमर करता. असा माणूस मी नोकरीत पह्यल्यांदाच पाहून राह्यलो."

पोलिस खात्याचं तोंड बंद झालं, घरचं झालं नाही. झुंबरबाई माळकरी. तिच्या लेखी पिंपातलं ते सगळं दारूचा गाळ होतं. उद्धव शाळेतून आला की त्याला ओसरीवरच हातपाय धुवायला लावायची, सदरा दोरीवर वेगळा टाकायची, आणि सुनेला, प्रतिमाला, बजावायची की त्या सदऱ्यासोबत देवाची वस्त्रं धुवायची नाहीत. प्रतिमा हसून दोघांचंही ऐकायची. मूल नव्हतं त्यांना. लोक त्याचाही संबंध पिंपाशी लावायचे. लावोत.

गाव बदललं ते दयारामच्या पोरीमुळे. दयाराम सालदार, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा. बायको बाळंतपणात गेलेली, पोर गावातच आजोळच्या म्हातारीजवळ. पाय सुजलेले, केस तांबूस, भिंतीला टेकून बसलेली. उद्धवनं तिला पाहिलं. ते रूप त्याच्या ओळखीचं होतं. नांदुऱ्याच्या डॉक्टरांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली, त्यानं ज्वारीच्या पिठात आपली पूड आणि गूळ घालून लाडू द्यायला सुरुवात केली. महिना गेला, दुसरा गेला. सूज उतरली आणि खाली खरं हाडामांसाचं लेकरू निघालं. दिवाळीच्या आधी ती पोर चालत चालत झुंबरबाईच्या ओट्यावर आली आणि तिनं म्हातारीचा पदर ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुंबरबाई शाळेच्या मागच्या खोलीत येऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. पिंपाकडे पाहत म्हणाली, "मले खरं सांग. हे दारू हाये का अन्न हाये?"

"अन्न हाये माय."

"शपथ?"

"छबीची शपथ."

तिनं पूड घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अन्न हाये तं शाळंत कायले ठेवतं? अन्न घरात पायजे."

उद्धवनं त्या दिवशी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. सात वर्षं जे त्याला जमलं नव्हतं ते झालं होतं. पिंपं काही घरात येण्यासारखी नव्हती, पण ज्यातून दर खेपेला पिंप लावायचं ती मूळ बरणी, ती मात्र घरी आली. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे पाण्याच्या माठांची घडवंची. तिथं ओल्या वाळूत ती ठेवली गेली. ज्या घडवंचीला परकं माणूस हात लावू शकत नव्हतं, तिथं. झुंबरबाई तिला विरजण म्हणायची. वाळूवर रोज पाणी शिंपडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हे लेकरायचं विरजण हाये बरं, इकडं पाय नको." उद्धवनं तिला एकच नियम घालून दिला होता: तो ठरलेल्या दिवशी गुळाचं पाणी घालेल, बाकी त्यात काही म्हणता काही पडता कामा नये. धूळ नाही, थेंब नाही, पानसुद्धा नाही. पडलं की सगळं नासलं. झुंबरबाईनं मान हलवली. तिला सोवळंओवळं शिकवायची गरज नव्हती.

बालवाडीतल्या पोरांना लाडू मिळायला लागले. सकाळी बाया वाट्या घेऊन यायच्या. दिवाळीच्या सुटीत लक्ष्मीकांत सर मुद्दाम वाट वाकडी करून वडनेरला आले. पिंपावर वाकून त्यांनी फेस हुंगला, पूड चाखली. मग म्हणाले, "उद्धव, परदेशात आता यीस्टच्या पेशीत दुसऱ्या जिवाचं बीज घालायला लागलेत. पाहिजे ते प्रथिन त्याच्याकडून करून घ्यायचं, हे त्यांचं स्वप्न आहे. पण त्यांचं यीस्ट थंड देशातलं. तुझं ऊन सोसतं. असं वाण माझ्याकडे असेल तर आपण काय काय करू! दोन वर्षांपूर्वी मी मागितलं तेव्हाच द्यायला हवं होतंस."

तेव्हा उद्धवनं म्हटलं होतं, आणखी एक उन्हाळा पाहू सर. दर वर्षी तो हेच म्हणायचा. या वेळी मात्र त्यानं लगेच हो म्हटलं. सरांनी सांगितलं की सरकारच्या पोषण आहारात ही पूड घालायची तर नागपूरच्या प्रयोगशाळेचा दाखला हवा, आणि त्यासाठी पूड आणि जिवंत वाण दोन्ही हवं. तसं झालं तर नुसतं वडनेर नाही, सगळ्या जिल्ह्याच्या बालवाड्यांत लाडू जातील. ठरलं. सगळी पूड तयार करून, शिवरात्र झाल्यावरच्या रविवारी उद्धवनं नांदुऱ्याहून गाडी धरायची.

राखीव नव्हतं का काही? होतं. जनावरांच्या दवाखान्यातल्या फ्रिजात, लशींच्या बाजूला, त्यानं काचेच्या नळ्या ठेवल्या होत्या. मागच्या उन्हाळ्यात विजेच्या दाबानं तो फ्रिज जळाला आणि नळ्या उकडून गेल्या. नव्या करायच्या होत्या. नागपूरहून आलो की करू, म्हणून राहिल्या. आणि पिंपांतलं जे काही होतं ते त्यानं त्याच आठवड्यात उकळून, मारून, वाळवून पूड केलं होतं. जिवंत असं आता फक्त घडवंचीवरच्या बरणीत होतं. ताजं, जोमदार, न्यायला तयार.

शनिवारी अमावास्येला सूर्यग्रहण होतं. खाली कर्नाटकात खग्रास, आपल्याकडे मोठा घास घेणारं. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. आकाशवाणी सांगत होती की उघड्या डोळ्यांनी पाहू नका, आणि लोकांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला की घराबाहेर पडू नका. असल्या वेळी विज्ञानाचा मास्तर घरात कसा बसेल? उद्धव सकाळीच शाळेत गेला. पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याचं बिंब भिंतीवर कसं पाडायचं ते त्यानं दाखवलं. पोरं आली थोडीच, आईबापांची नजर चुकवून. पण जेव्हा शाळेपुढच्या लिंबाच्या झाडाखाली जमिनीवर पानांच्या फटींतून शेकडो छोट्या छोट्या कोरी पडल्या, तेव्हा ती पोरं नाचायला लागली. उद्धवही त्यांच्यासोबत उकिडवा बसून एक एक कोर दाखवत राहिला. ग्रहणानं अन्न नासत नाही, पाणी नासत नाही, ही नुसती सावली आहे, असं त्यानं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. फार आनंदात होता तो. त्या दिवसाइतका आनंदात तो नंतर कुणाला दिसला नाही.

ग्रहण सुटलं. गल्लीतून "दे दान, सुटे गिराण" अशी हाळी आली. उद्धव घरी आला तेव्हा अंगण ओलं होतं, माठ रिकामे करून उन्हाकडे तोंड करून ठेवलेले होते, आणि त्यांच्या रांगेत शेवटी राखेनं घासून, वर उकळतं पाणी ओतून लख्ख केलेली ती बरणी होती.

झुंबरबाई नुकतीच अंघोळ करून आली होती. केसांतून पाणी गळत होतं. तिच्या चेहऱ्यावर एखादं मोठं काम वेळेवर पार पाडल्याचं समाधान होतं. "आला का? पाय बाहीरच धू. सगळं टाकलं मी, माठातलं पाणी, सकाळची भाकर, दूध. आन ते विरजण."

उद्धवनं रिकामी बरणी उचलून आत पाहिलं. म्हणाला, "काऊन माय?"

"काऊन म्हंजे? अन्न हाये ना ते? गिराणातलं अन्न लेकरायले खाऊ घालतं का कोणी?" ती त्याच्याकडे आश्चर्यानं पाहत होती. "लोणच्यात, तुपात म्या तुळशीचं पान टाकून ठेवलं, ते चालते. त्याच्यातही टाकनार होती. मंग तुही गोठ याद आली, पानबी पडू द्यायचं नाई म्हून. मंग टाकल्याबिगर इलाज नव्हता. पह्यले मी त्याले गाळ समजत होती, तवा गिराण असो का काही असो, मले काय करायचं होतं? आता अन्न हाये म्हून केलं बाप्पा."

प्रतिमा दारात उभी होती. ती माहेरी गेली होती दोन दिवस, तीही नुकतीच आली होती. तिनं बरणीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

सगळं त्याच्या लक्षात आलं. त्यानं तिला अन्न म्हणून पटवलं नसतं तर बरणी वाचली असती. पानाचा नियम घातला नसता तरी वाचली असती. तुळशीच्या पानानं फार तर थोडं बिघडलं असतं, निवडून काढता आलं असतं. तिनं त्याचं प्रत्येक म्हणणं ऐकलं होतं. ओरडायचं तर कुणावर? ओल्या केसांची ती बाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती, शाबासकीची वाट पाहावी तशी. ज्या हातांनी पेज भरवली त्याच हातांनी हेही केलं, हे तिला कळलं तर? एका नातीचं ओझं ती आठ वर्षं ओढत होती. त्यात गावाची लेकरं कशी टाकायची?

"बरं केलं माय," तो म्हणाला. "माह्याजवळ दुसरं हाये."

ती देवापुढं दिवा लावायला आत गेली, तसा तो मागच्या दारी गेला, जिथं तिनं बरणीतलं सगळं ओतलं होतं. आळवाच्या मुळाशी चिखल झाला होता आणि कोंबड्या तो उकरत होत्या. त्यांना हाकलून त्यानं तो चिखल भांड्यात भरला. हातांनी, खाली बसून, सगळ्या आळीच्या देखत. कशासाठी ते मात्र कुणाला कळलं नाही.

चिखलातून त्यानं बरण्या लावल्या. काहींत नुसती सड निघाली. काहींत पांढरट फेस आला. रात्रंदिवस त्याला दुसरं सुचेना. पण ते दुसरंच काहीतरी होतं. होळी झाली आणि पहिल्याच झळेला ते आंबट होऊन तळाशी बसलं. पुन्हा मोहाची फुलं आणली. पुन्हा पत्र्याखाली ठेवली. त्या वर्षीच्या बरण्यांतलं एकही वैशाखात तगलं नाही. आधी तगलं होतं तेही नशिबानंच, हे त्याला तेव्हा कळलं.

नागपूरला तो गेला, पुडीची पिशवी घेऊन. लक्ष्मीकांत सरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "पूड मेलेली आहे रे. मेलेल्याचं मी काय करू?" पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. पुढं त्या प्रयोगशाळेत उद्धवला ओळखणारं कुणी उरलं नाही.

पूड होती तोवर लाडू झाले. मग संपली. बाया वाट्या घेऊन यायच्या, आणि उद्धव शाळेच्या दारात उभा राहून सांगायचा, आज नाही. मग त्यांनी यायचं सोडलं. शाळेनं खोली परत घेतली, पिंपांत परीक्षेचं जुनं सामान पडलं. फेस मास्तर हे नाव मात्र राहिलं.

पावसाळ्यात दयारामची पोर पुन्हा भिंतीला टेकून बसायला लागली. उद्धवनं पगारातून डाळ दिली, अंडी दिली. आजोळच्या म्हातारीनं ती घरातल्या सगळ्यांत वाटली. दुसरं करणार काय, घरात खाणारी तोंडं कितीतरी. हिवाळ्यात गोवर आला. धडधाकट पोरं उठली. ही उठली नाही.

झुंबरबाई दयारामच्या घरून आली आणि ओसरीवरच बसली. उद्धव समोर होता. "काऊन रे," ती म्हणाली, "तुह्याजवळ दुसरं विरजण होतं ना? तू काऊन बंद केलं?"

प्रतिमानं आतून नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सांगा, एकदाच सांगून टाका, असं होतं.

"नाई जमलं माय," उद्धव म्हणाला.

"नाई जमलं? इतके वर्सं जमलं. पोरगी उठून चालत आली होती माह्या घरी. आन आता नाई जमलं?" तिचा आवाज चढला. "कंटाळा आला तुले. सरकारनं वाहवा नाई केली, म्हून टाकून देल्लं तू."

त्या दिवसापासून झुंबरबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढायची ते ताट सरकवून. देवळात, विहिरीवर, कुणी विचारलं की सांगायची, पोरानं हात टाकले, माहाच पोर हाये पण खरं ते खरं. पारावरच्या लोकांनाही तेच बरं वाटलं. शिकून वाया गेला, हे तर ते पहिल्यापासून सांगत होते.

प्रतिमा कितीदा तरी म्हणाली, "अहो, तुम्हाला हे सोसत नाही. त्या तुम्हाला पाण्यात पाहतात. सांगून टाका ना." तो एकच म्हणायचा, "माझ्यावर राग धरून ती जगू शकते, प्रतिमा. स्वतःवर धरून नाही जगायची." त्यानं पुन्हा कधी बरणी लावली नाही. वर्गात यीस्टचा धडा आला की तो पोरांना पुस्तकातून वाचायला सांगायचा आणि खिडकीकडे जाऊन उभा राहायचा.

झुंबरबाई आणखी काही वर्षं राहिली. शेवटी अन्न जाईना तेव्हा रुखमा आली, उशाशी बसली. एका सकाळी म्हातारीला जरा तरतरी आली. तिनं रुखमाचा हात धरला आणि उद्धवला जवळ बोलावलं. कितीतरी वर्षांनी तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"मी आता छबीकडं जाऊन राह्यली," ती म्हणाली. "दयारामची पोर बी तथीच असन. त्यायले काय सांगू मी? छबीच्या पेजेत काई नव्हतं, हे दयारामची पोर उठून चालली तवा समजलं मले. आंधी मले कळत नव्हतं, म्हून माह्या हातून गेली छबी. तुले तं कळत होतं, उद्धवा. तुले येत होतं आन तू केलं नाई."

प्रतिमानं उद्धवचा खांदा घट्ट धरला. रुखमा रडत होती. आईच्या कोरड्या हातावर त्यानं आपला हात ठेवला.

"हाव माय," तो म्हणाला. "नाई केलं मी."

तिनं आपला हात त्याच्या हाताखालून काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग ते पुन्हा इकडे वळलं नाही.